पोटाखालचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा पट्टा म्हणायची सोय आता उरलेली नाही, कारण माझ्या मालकाची कमर नेमकी कुठे आहे, हे शोधायला दोन माणसं लागतील. बोलायला मी उशीर केला हे मान्य आहे. पण चामड्याला तोंड नसतं, आणि ज्याला देवाने तोंड दिलंय तो ते फक्त खायला वापरतो. म्हणून आज मनात साठलेलं सगळं बाहेर काढणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पितळी बकल शिवलं आणि टोच्याने पाच भोकं पाडली. पुढे त्याच्याच दुकानात एक बाई आली. नवऱ्याला क्रेन चालवायचा परवाना मिळाला होता, त्याला काहीतरी टिकाऊ द्यायचं होतं. म्हातारा तिला म्हणाला, मधल्या भोकात बसेल असा घ्या. दोन भोकं इकडे, दोन तिकडे, माणूस थोडा वाळतो, थोडा सुटतो, तेवढी सोय मी ठेवलेली असते. बिचाऱ्याने माझ्या मालकाला पाहिलेलं नव्हतं.

तेव्हा मालक शिडशिडीत होता. मी अगदी बेंबीवर, मधल्या म्हणजे तिसऱ्या भोकात ऐटीत बसायचो. उंच इमारती बांधायची जी भलीमोठी क्रेन असते, तिच्या टोकाजवळच्या केबिनमध्ये त्याचं काम. वर जायला लोखंडी शिडी, दोनशे बारा पायऱ्या. तो त्या एका दमात चढायचा. साइटवर सगळे त्याला 'पाखरू' म्हणायचे. खाली उभं राहून त्याला इशारे करणारे मामा, म्हणजे सगळ्या साइटचेच मामा, कौतुकाने सांगायचे की पाखरू वर असलं की मला मान वर करून बघावंसुद्धा लागत नाही.

आता या कामाची एक खोड आहे. एकदा वर गेलेला माणूस जेवायला खाली येत नाही, कारण उतरून पुन्हा चढण्यातच सुट्टी संपते. म्हणून केबिनमधून एक दोरी खाली सोडलेली असते आणि तिच्या टोकाला कापडी पिशवी. मामा त्या पिशवीत बायकोने दिलेला डबा ठेवायचे, मालक तो वर ओढायचा. चार-पाच वर्षं हे सुरळीत चाललं.

मग साइटच्या समोर ते दुकान उघडलं. बर्गर, तळलेलं चिकन, बटाट्याच्या काड्या, आणि बादलीएवढा कोला. मालकाला ते पसंत पडायला एक दिवस पुरला. डब्याला दोन हात लागतात, सांडतं, धुवायला लागतं. बर्गर कसा, एका हातात धरावा आणि दुसरा हात कामावर! आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. मग घरी परततानाही, "भूक मोडायला". घरी येऊन परत जेवायचा तो वेगळा. डबा जसाच्या तसा परत यायला लागला आणि बायकोने तो देणं बंद केलं, त्याआधी ती काय काय बोलली ते मी सांगत नाही.

पोट पुढे आलं. साधा नियम असा की पोट वाढलं की पट्टा चौथ्या भोकात जातो, मग पाचव्या. माणूस घाबरतो, सावध होतो. पण माझ्या मालकाने काय करावं? त्याने मला खाली सरकवलं. पोटाच्या वरून जाणारा मी पोटाच्या खालून जायला लागलो. तिथे हाडं आहेत, तिथे फारसा फरक पडत नाही. त्यामुळे भोक तेच राहिलं, तिसरं!

आणि मग सुरू झाली माझी विटंबना. बायको म्हणाली, अहो, तुम्ही सुटलात, की हा उठून उभा राहायचा, सदरा वर करायचा आणि माझ्यावर थाप मारायचा.

"लग्नानंतरचा पट्टा आहे. तेच भोक. हा काय खोटं बोलतो?"

मी खोटं बोलत नव्हतो हो. मला खोट्या जागी उभं करून साक्ष काढली जात होती. पाहुण्यांसमोर, साइटवर, अगदी स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलीसमोरसुद्धा. माझ्या डोक्यावर ते पोट लोंबतंय, बकल आत रुततंय, आणि हा माणूस माझंच नाव सांगून छाती फुगवतोय. संताप संताप व्हायचा, पण करणार काय?

मला सगळं कळत होतं. शिडीवर तो आधी एकदा थांबायला लागला, मग चारदा. कोला पिऊनही घसा कोरडाच, आणि लघवीसाठी केबिनमध्ये बाटली ठेवायची वेळ आली. छातीत जळजळ झाली की वरून आणखी गार कोला. जेवल्यावर तासाभरात डोळे जड व्हायचे. हाताखाली टनभर लोखंड, आणि साहेबांची मान छातीवर!

एका दुपारी व्हायचं तेच होणार होतं. सळयांचा भारा हवेत, आणि त्याला झापड आली. भारा झोका घेत मामांच्या डोक्याच्या हातभर वरून गेला. वायरलेसवर मामा जिवाच्या आकांताने ओरडले तेव्हा याचे डोळे उघडले. मामांनी वरिष्ठांकडे तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी विचारलं, वर ऊन फार लागतं का रे? हा म्हणाला, हो, फार. कसलं ऊन डोंबलाचं! दोन बर्गर, बटाट्याच्या काड्यांचा मोठा पुडा आणि लिटरभर कोला होता तो.

महिन्याभरात वार्षिक तपासणी आली. कंपनीची डॉक्टर ठेंगणीशी, कमी बोलणारी बाई होती. तिने रक्त घेतलं, रक्तदाब मोजला, पोटाची सोनोग्राफी केली. रिपोर्ट आल्यावर शांतपणे सांगितलं की साखर बरीच वाढलेली आहे, रक्तदाब चढलेला आहे, यकृतावर चरबी बसली आहे; दुपारची झोप, तहान, धाप, सगळं त्यातूनच येतंय. रोजचं तळलेलं आणि गोड पेय थांबवा. मालकाने ऐकून घेतलं आणि काय केलं असेल? सदरा वर केला.

"मॅडम, मशीन चुकत असेल. हे बघा, इतकी वर्षं तिसरंच भोक."

डॉक्टरने मला पँटमधून काढायला लावलं आणि स्वतःच्या हाताने मला त्याच्या बेंबीवरून फिरवलं. कितीतरी वर्षांनी मी माझ्या मूळ जागी पोचलो, पण माझी दोन टोकं एकमेकांना भेटेचनात. भोकांचं तर नावच सोडा. मध्ये चार बोटं पोट उघडं राहिलं.

"तुम्ही पट्ट्याला फसवलंत, मी फसणार नाही," ती म्हणाली. "तीन महिने वर चढायचं नाही. तुम्ही वर झोपलात तर खाली माणसं आहेत."

तीन महिन्यांनी फेरतपासणी, त्यात नापास झाला तर क्रेन कायमची दुसऱ्याला. घरी येऊन त्याने मला खाटेवर आपटलं. माझा काय गुन्हा, सांगा! पण त्या दिवशी तो खिडकीशी बराच वेळ बसला. त्याला दुसरं काही येत नाही, आणि वरून दिसतं तसं कुठूनच दिसत नाही, असं तो बायकोला म्हणाला. मला प्रथमच त्याची दया आली.

साइटवर त्याला खालचं काम मिळालं आणि डबा परत सुरू झाला. खाली मामांच्या शेजारी बसून तो जेवायला लागला, कामावर चालत जायला लागला. दर रविवारी सकाळी मुलगी मला त्याच्या बेंबीवरून फिरवायची आणि मधल्या फटीत बोटं घालून मोजायची. चाराची साडेतीन झाली, साडेतीनाची तीन, सातव्या आठवड्याला दोन. पोरगी दर वेळी वहीत लिहून ठेवायची. मीही पोटाला पोट लावून ताणत होतो, खरंच सांगतो.

आणि मग त्याने माती खाल्ली. क्रेनवर बदली माणूस आला होता, त्याचं काम खालून बघून याचा जळफळाट व्हायचा. एक दिवस असाच वैतागून समोरच्या दुकानात शिरला. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणत आठवडा काढला. माझ्या चामड्याला तेलाचा वास येत होता, बायकोला कसा आला नाही कोण जाणे.

रविवारी मुलीने मला लावलं. फट परत तीन बोटं. ती वही उघडणार तोच हा हळूच म्हणाला, "अगं, जरा खाली धर."

तिने धरलं. लहान मूल, बाप सांगतोय, ती कशाला शंका घेईल? माझी टोकं पटकन जुळली. पोरीने टाळ्या पिटल्या, आत धावली, आईला ओरडून सांगितलं आणि आईचा फोन उचलून थेट मामांना लावला. मामा, बाबा बरे झाले, आता वर चढणार! मालक तिला थांबवायला उठला, पण तेवढ्यात तिने फोन त्याच्या कानाला लावलासुद्धा. मी कमरेला होतो, मला पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"काय रे पाखरा, खरं ना?" मामा म्हणाले. "तू खरं म्हण, मी बिनधास्त खाली उभा राहतो."

मी इतकी वर्षं या माणसाला ओळखतो. त्याचा हात सवयीने माझ्यावर थाप मारायला आला आणि पहिल्यांदाच मागे फिरला. पोरगी समोर हसत उभी होती. दारात बायको.

"नाही मामा," तो म्हणाला. "मी पट्टा खाली धरायला लावला होता. तीन बोटं बाकी आहेत."

पोरीने वही उघडली आणि तीन लिहिलं. मग बाबांकडे पाठ करून बसली.

तपासणीला अजून एक महिना आणि चार दिवस आहेत. तो पास होईल का, मला माहीत नाही, आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. तसलं काम माझ्याकडून पुष्कळ करून घेतलंय. तुम्हाला मात्र एवढंच सांगतो. माझ्यासारखा कुणी तुमच्याही पँटमध्ये असेल, तर त्याला एकदा वर, बेंबीपाशी नेऊन बघा. आणि जे दिसेल ते आधी त्या माणसाला सांगा, जो तुमच्या भरवशावर खाली उभा आहे.