नव्या तारप्यातला माझा आवाज

मित्रांनो, मी एक जुना तारपा आहे आणि मला नव्या तारप्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगितलेले बरे. पुढे मी त्याच्याविषयी काही वाईट बोललो, तर तुम्ही ते पारखून घ्याल.

वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगरावर आमचा तेवीस घरांचा पाडा आहे. तिथल्या लहानूबाबांनी मला अठरा वर्षांपूर्वी घडवले. वेलावरच सुकलेला एक भोपळा त्यांनी आतून पोखरला. ते माझे पोट. त्याच्या खाली बांबूच्या दोन नळ्या बसवल्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी बांबूचीच एक पातळ जीभ असते. फुंकलेल्या वाऱ्याने ती थरथरते, तोच माझा आवाज. शेवटी ताडाच्या पानांचा लांब कर्णा आला, आणि सगळे सांधे मधमाशांच्या मेणाने बंद झाले. पोखरताना निघालेल्या बिया लहानूबाबांच्या बायकोने, मालनबाईंनी, घरामागे पेरल्या.

दरवर्षी भात पिकले की मला बाहेर काढत आणि सारा पाडा माझ्याभोवती फेर धरी. आमच्या नाचाचा एक नियम आहे. तारप्याला पाठ दाखवायची नाही. फेर कसाही वळला तरी नाचणाऱ्यांची तोंडे माझ्याकडेच. इतकी वर्षे मी माणसांच्या पाठी जवळजवळ पाहिल्याच नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यात उंदराने माझ्या पोटाला भोक पाडले. लहानूबाबांनी मेणाचे ठिगळ लावले, पण भोपळ्याला चीरही गेली होती. अर्धा वारा तिथूनच निसटे आणि सूर मध्येच तुटे. म्हणून यंदा त्यांनी नवा तारपा घडवला. त्याचा भोपळा माझ्याच बियांच्या वंशातल्या वेलाचा. म्हणजे नात्याने तो माझाच. पण नाते मोजल्याने हेवा कमी होत नाही. मालनबाईंनी त्याला तेल चोळले. शेजारणी येऊन त्याच्या गुळगुळीत पोटावरून हात फिरवून गेल्या. मी कुडाच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला. पाणी प्यायला आलेले लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि त्याच्याविषयी बोलत.

नाचाच्या दिवशी सकाळी उमेळ्याचे देवेंद्र सर आले. ते खाली वसईत, एव्हरशाईन वसाहतीतल्या एका शाळेत शिकवतात. मुलांना दाखवायला म्हणून ते नवा तारपा घेऊन गेले. दुपारी परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तारपा मागे दबू नये म्हणून त्यांनी तो गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवला होता, आणि गाडी दोन तास उन्हात उभी होती. ऑक्टोबरच्या उन्हात, बंद काचेमागे, मेण तग धरत नाही. ते वितळले, नळ्या सुटल्या आणि ओघळ जिभांवर जाऊन थिजला.

"जपूनच ठेवला होता हो बाबा," सर म्हणाले.

"पुढं बसवलात, मान दिलात," मालनबाई म्हणाल्या. "त्याला घाम फुटला."

लहानूबाबा नखाने मेण खरवडू लागले. एक जीभ मोडली, मग दुसरी.

"दोनी गेल्या," ते म्हणाले.

"नव्या होणार नाहीत का?" सरांनी विचारले.

"व्हतील की. दोन दिस लागतील. नाच आज हाय."

मित्रांनो, खरे सांगतो, मला आनंद झाला. पाड्याचा नाच अडला होता, सर मान खाली घालून बसले होते, आणि मी मनात म्हणत होतो, आता मलाच उतरवतील.

उतरवलेही. लहानूबाबांनी मला ओठाला लावून फुंकले. वारा ठिगळातून फुसकन निघून गेला. त्यांनी क्षणभर मला मांडीवर ठेवले आणि माझ्या दोन्ही नळ्या उपसून काढल्या.

"जिभा याच्या, पोट त्याचं," ते म्हणाले.

"आन हा?" मालनबाईंनी विचारले.

"हा ऱ्हाईल."

माझा रिकामा भोपळा पुन्हा खुंटीवर गेला. दिवस मावळताना अंगणातून सूर आला. तो माझाच होता. पण कुठेही न गळता, मला शेवटच्या वर्षात कधीच जमला नव्हता इतका भरलेला. दुसऱ्याच्या पोटातून आपला आवाज इतका चांगला ऐकणे फार कठीण असते.

तेवढ्यात मालनबाई फेर सोडून आत आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि अंगणाच्या मधल्या खांबाला बांधले.

"रिकामा भोपळा कशाला, मावशी?" सरांनी विचारले.

"भितीवर असला तं आमची पाठ त्याच्याकडं व्हते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फेरात शिरल्या.

मित्रांनो, तारपा उन्हात ठेवू नका, बंद गाडीत तर नकोच. आणि नवे वाद्य आले म्हणून जुने भिंतीवर विसरू नका. त्यात अजून काय चांगले उरले आहे, ते आधी पाहा. हेवा म्हणाल, तर तो गेलेला नाही. लहानूबाबांचा श्वास आता त्याला मिळतो. पण त्या संध्याकाळी फेर माझ्याभोवतीही फिरत होता. मी नीट पाहिले. एकाचीही पाठ दिसली नाही.