वेंडेलच्या उभ्या खाचा

माझा जावई वेंडेल चूक झाली की शिट्टी वाजवतो. मान खाली घालत नाही, तोंडाने काही बोलत नाही, नुसती शिट्टी. लग्नात अंगठी हातातून पडून बाकाखाली गेली तेव्हा वाजवली होती, आणि माझ्या मुलीची, मार्गीची, गाडी गॅरेजच्या दाराला घासली तेव्हाही. तेवीस वर्षांत "माझं चुकलं" असं त्या माणसाकडून मी ऐकलेलं नाही. त्यामुळे शुक्रवारी मार्गीबरोबर केस सेट करून घरी आले आणि स्वयंपाकघरातून शिट्टी ऐकू आली, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

काम साधं होतं. स्विचांवरची आणि प्लगांवरची जुनी प्लास्टिकची झाकणं काढायची आणि तिथे दगडाची बसवायची. एकूण आठ. आमच्या खोऱ्यात पाटीच्या दगडाचं जे काही निघतं त्याला पाटीच म्हणतात. छपरावरची पाटी, उंबऱ्याची पाटी, थडग्याची पाटी. तशा या स्विचांच्या पाट्या. पण या लाल होत्या. हिरवा, जांभळा, करडा दगड आमच्याकडे हवा तेवढा आहे. लाल लागायचा एकाच कड्यात, आणि ती खाण आता पाण्याने भरली आहे. उन्हाळ्यात कॉलेजची पोरं तिथे उड्या मारतात.

माझ्या नवऱ्याने, ऑन्द्रेने, त्या खाणीत एकतीस वर्षं छिन्नीने पाट्या काढल्या. शेवटच्या हिवाळ्यात, श्वास अर्धा उरला असताना, तो तळघरात बसून घरात राहिलेल्या एका लाल फळीतून या आठ कापत होता. मधली चौकोनी भोकं कानशीने घासून काढली. मला म्हणाला, "बाई, अर्ध्या न्यूयॉर्कच्या डोक्यावर मी छप्पर घातलं आणि तुझ्या भिंतीला पिवळं प्लास्टिक." आठ झाल्या, नववीला दगड पुरला नाही. मग तो गेला, आणि पाट्या वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून राहिल्या.

येत्या रविवारी त्याला जाऊन वर्ष होतंय. सकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, दुपारी जेवण माझ्याकडे, आणि जेवायला त्याची बहीण पाव्लीना. ही पाव्लीना गेली तीस-पस्तीस वर्षं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगते आहे की तिच्या भावाला माझ्या घरात कधी मान मिळाला नाही. मला तिला टेबलाशी अशा जागी बसवायचं होतं की मान वर केली की भावाच्या हातच्या आठच्या आठ पाट्या दिसतील. बोलायची गरज नव्हती. मी नुसतं सूप वाढलं असतं.

वेंडेल इलेक्ट्रिशियन आहे, स्केनेक्टडीच्या मोठ्या हॉस्पिटलात. कामाला वाईट नाही. पण या लोकांत एक रीत आहे. झाकणाच्या स्क्रूच्या डोक्यावर जी खाच असते ती उभी राहिली पाहिजे, बरोबर वर-खाली. तिरकी दिसली की म्हणतात, कुणा शिकाऊ माणसाने लावलंय. वेंडेलच्या घरात न्हाणीघरापर्यंत सगळ्या खाचा उभ्या आहेत आणि तो त्या पाहुण्यांना फिरवून दाखवतो. बाकीचे लोक नातवंडांचे फोटो दाखवतात.

निघताना मी त्याला बजावलं होतं.

"जावईबापू, दगड आहे. स्क्रू हाताने पिळायचा, मशीनने नाही. अडला की थांबायचं."

"आई, मी तीस वर्षं हेच करतोय."

"तू तीस वर्षं प्लास्टिक करतोयस."

"बरं, आणखी काही?"

"आणि काम सरळ हवं. पाव्लीनाच्या नजरेला एक गोष्ट वाकडी दिसता कामा नये."

परत आले तेव्हा पाच पाट्या भिंतीवर चढल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मी पर्स हातात घेऊन तशीच उभी राहिले. दगडावर ऑन्द्रेच्या कानशीच्या खुणा दिसत होत्या. आणि खाचा? कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

आता खोऱ्यातल्या माणसाला पाटी दिसली की बोटाचं पेर आपोआप पुढे जातं. सहावीत माझी शाळा सुटली ती वडिलांच्या शेडमध्ये बसायला. तिथे एकच काम, पाट्या वाजवून बघायच्या. चांगली असली तर खण्ण वाजते. तडा असला, मग तो डोळ्याला दिसो न दिसो, थप्प. भिंतीवर बसवल्यावर आवाज थोडा दबतो, पण ज्याने वाजवल्यात त्याला फरक कळतो.

दाराजवळची वाजवली. खण्ण. खिडकीखालची, खण्ण. फ्रिजजवळची वाजवली. थप्प. शिट्टी थांबली.

"वेंडेल."

"काय, आई?"

"ही मेली आहे."

"मागे पोकळ आहे तिथे. जुनी भिंत, आवाज असाच येणार."

मी पुढची वाजवली. त्याच्या पुढची वाजवली. "आणि या दोन?"

"तिथेही जरा पोकळच आहे."

"मी सकाळी गेले तेव्हा घर भरीव होतं माझं."

मार्गी मध्ये पडली. "आई, सुरू नको होऊस. बघ केस किती छान झालेत तुझे."

"केस वाजवून बघायचे नाहीयेत मला. काढ ती पाटी, वेंडेल."

त्याने काढली. भोकाच्या कोपऱ्यापासून स्क्रूपर्यंत तडा, पाठीमागून डिंक भरलेला, पुढून तेलाचं बोट फिरवलेलं. डिंकाचं काम नीट केलं होतं. तिन्हींना तसंच.

"कशी फुटली?"

"शेवटच्या पाव वळशाला," तो म्हणाला. "स्क्रू अडला तेव्हा खाच तिरकी होती. मी फक्त उभी केली."

"आणि दुसरी?"

"तशीच."

"पहिली फुटलेली बघूनसुद्धा परत तेच केलंस?"

"तिचीपण खाच तिरकी होती, आई."

मी खुर्चीवर बसले. मार्गीने पाणी दिलं. मग वेंडेल जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, एक गोष्ट वाकडी दिसता कामा नये."

म्हणाले होते. मग मी त्याच्या बुटांवरून बोलायला लागले. माझ्या स्वयंपाकघरात बूट घालून फिरत होता.

फुटलेल्या तीन त्याने परत लावल्या, उरलेल्या तीन मी लावायला घेतल्या. वीज त्याने खालून बंद केलेलीच होती. मी चष्मा घातला, ॲप्रन बांधला. भिंत कुठे सखल, कुठे वर. मागे पोकळी राहिली आणि मध्ये पिळलं की दगड वाकत नाही, मोडतो. म्हणून स्क्रू बोटांनी फिरवत नेला, शेवटी पेचकस नुसता टेकवला, आणि दगडाने नको म्हटलं तिथे थांबले. पहिलीची खाच आडवी झोपली. दुसरीची घड्याळात दोन वाजल्यासारखी. तिसरी, सिंकच्या वरची, कुठल्याच वेळेची नव्हती. तिन्ही खण्ण वाजत होत्या.

वेंडेलसमोर मी कोबीचे रोल ठेवले होते. आमच्याकडे भांडलं तरी उपाशी कुणी राहत नाही. पण तो रोल सोडून सिंकवरच्या पाटीकडे बघत होता.

"आई, ती सिंकवरची... केसाएवढीच फिरवतो."

"नाही."

"मला आता कळलंय कुठे थांबायचं."

"नाही म्हटलं ना."

"रविवारी सगळे विचारतील, कुणी लावल्या? आणि बघतील माझ्याकडे. तीस वर्षांत माझ्या हातची एक खाच तिरकी नाही." नाटक नव्हतं ते. ऑन्द्रेच्या शेवटच्या आठातल्या तीन पाट्या फोडून हा माणूस बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते खाचांसाठी.

मला थोडी दया आली. थोडीच. मी हात धुवायला वळले.

पाण्याच्या आवाजात खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं नाही. मान वर केली तर वेंडेल माझ्या खांद्यामागून हात लांब करून सिंकवरच्या पाटीला पेचकस लावत होता.

"वेंडेल!" मार्गी ओरडली.

"फक्त पाव वळसा, मार्गी."

मी ओला तळहात पाटीवर ठेवला. पेचकस माझ्या बोटांवर टेकला आणि तिथेच राहिला. मीही हात काढला नाही.

"वेंडेल," मी म्हटलं, "ठेव ते खाली आणि नीट ऐक. विजेच्या कामाला तुझ्यासारखा माणूस नाही. या घरातला दिवा गेला तर मी तुलाच बोलावेन, दुसऱ्या कुणाला नाही. दगडाला मात्र आजपासून तुझा हात लागणार नाही. या तिन्ही खाचा अशाच राहतील. पाव्लीनाने विचारलं, या वाकड्या कुणाच्या, तर माझ्या. तिने काय बोलायचं ते बोलावं, मी सूप वाढत ऐकेन. पण तीही याच खोऱ्यातली आहे. ती उठून पाट्या वाजवून बघणारच. आणि फ्रिजजवळ थप्प ऐकून तिने मागे वळून बघितलं की तू उभं राहायचंस, तुझ्या सरळ खाचांच्या शेजारी, आणि तिला काय सांगायचं ते तुझं तू सांगायचंस. आता बस, रोल गार होतायत."