स्वागताची टोपली

पोर्ट हॅलम फेरीमेन या आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबाने यंदा पुनर्बांधणी काढली. स्टेडियमबाहेर त्याची मोठी पाटी लागली होती आणि तिच्यावर पिवळं हेल्मेट घातलेला हसरा मजूर होता. पुनर्बांधणीत आधी पाडापाडी असते, हे पाटीवर नव्हतं. ऑगस्टमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, गेला. मग त्याचे चेंडू झेलणारे गेले, आता फेकणारं कोणी नाही तर झेलायचं काय म्हणून. मग बचावाची मागची फळी गेली. नोव्हेंबरपर्यंत तिशी ओलांडलेला माणूस संघात शोधावा लागे, आणि शोधलाच तर तो माझा नवरा निघे.

लायल लाँग स्नॅपर आहे. चेंडू पायाने लांब मारायची वेळ आली की एक माणूस ओणवा होतो आणि दोन पायांमधून तो चेंडू मागे, चांगला लांब उभ्या असलेल्या गड्याच्या हातात फेकतो. संघातलं त्याचं काम एवढंच. नीट फेकला तर कोणी बघत नाही, चुकला तर त्या रात्रीत सगळं शहर त्याचं नाव शिकतं. आमच्या शहराला ते अजून शिकावं लागलं नव्हतं. दुकानात लोक त्याला क्लबाचा ड्रायव्हर समजत आणि मला ते फार बरं वाटे.

संघ वाईट असला की लायलला काम जास्त. पुढे सरकता आलं नाही तर चेंडू मारून टाकायचा, हा खेळाचा नियम, आणि यंदा पुढे सरकणं आम्हाला जमतच नव्हतं. त्यामुळे अख्ख्या संघात नियमित काम असलेला माणूस तो एकटाच. शहराचीही तक्रार नव्हती. जो सगळ्यांत खाली राहतो त्याला वसंतात कॉलेजातला सगळ्यांत चांगला पोरगा पहिला उचलता येतो. तो पोरगा कोण हेही ठरलेलं होतं. त्याच्या नावाचे सदरे बाजारात आले होते. आम्ही हरलो की लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारत.

मला मात्र संघ हरण्याजिंकण्याशी काही घेणं नव्हतं. मला एकच हवं होतं: पोटातलं बाळ इथे, डॉक्टर स्टॅमाटिसच्या हातात जन्माला यावं. थोरली हेटी झाली तेव्हा लायलला दुसऱ्या एका क्लबाने त्याच आठवड्यात काढलं होतं. अनोळखी गावात, अनोळखी दवाखान्यात, ज्या डॉक्टरचं नाव मी त्याच्या कोटावर वाचलं त्याने माझं बाळंतपण केलं. रक्त थांबेना तेव्हा तो नर्सला विचारत होता, हिला आधी असं झालंय का? नर्स मला विचारत होती. मी कोणाला विचारणार? डॉक्टर स्टॅमाटिसला सगळं माहीत होतं. तिने माझ्या गटाचं रक्तसुद्धा आधीच सांगून ठेवलं होतं. पण आम्ही राहत होतो क्लबाच्या घरात. खेळाडूला काढलं की आठवड्यात घर रिकामं करायचं आणि आम्ही नेब्रास्काला सासूबाईंच्या तळघरात जायचं. बाळंतपण दोन आठवड्यांवर आलं होतं.

आता टोपलीचं सांगते.

सामन्याच्या दिवशी आम्हा बायकामुलांना बसायला स्टेडियममध्ये एक खोली आहे. तिथे कोणी कुठे बसायचं हे कोणी ठरवत नाही, तरी ठरलेलं असतं. काचेजवळच्या सोफ्यावर क्वार्टरबॅकची बायको. तिच्या दोन्ही बाजूंना आघाडीच्या फळीतल्या पाचजणांच्या बायका, म्हणजे मैदानात नवरे जसे तिच्या नवऱ्याभोवती भिंत धरतात तशाच. झेलणाऱ्यांच्या बायका आरशाजवळ. बचाववाल्यांच्या मागे, मोठ्याने बोलणाऱ्या. मी दाराशी, शौचालयाजवळ. गरोदर बाईला तेही सोयीचंच. पण पुनर्बांधणीत सोफे रिकामे होत गेले आणि एके दिवशी मी पाहिलं, तर खोलीतली सगळ्यांत जुनी बायको मीच. जुन्या बायकोकडे टोपली येते. नवा खेळाडू आला की त्याच्या बायकोला हॉटेलात जाऊन स्वागताची टोपली द्यायची: क्लबाच्या रंगाची लोकरी टोपी, इथली मोहरीची चटणी, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायची पट्टी, बालरोगतज्ज्ञाचा नंबर.

ग्वेनबाई क्लबात कुटुंबांचं बघतात. त्या सोमवारी फोन करून सांगत, कोण येतंय, मुलं किती, जागा कोणती. त्यांना वाटे, यात आनंदाची बातमी आहे. पण संघात माणसं ठरलेलीच असतात. एक आला की त्याच जागेवरचा एक जातो, आणि जाणाऱ्याला ते मंगळवारी कळतं. मला सोमवारी कळे. डाव्या टोकाच्या गड्याची बायको मार्नी मला स्वयंपाकघराच्या फरशा दाखवत होती, ही निळी घेऊ का ती राखाडी, आणि तिच्या नवऱ्याच्या जागेवर येणाऱ्याची टोपली माझ्या गाडीच्या डिकीत होती. मी म्हटलं, "घाई नको करूस गं." ती म्हणाली, "तुझं सगळ्यातच घाई नको." बुधवारी त्यांचं सामान हललं.

तर एका सोमवारी ग्वेनबाईंचा फोन आला.

"बाळा, एकच टोपली. बायको आणि तान्हं बाळ. आडनाव पुढच्या फोनला सांगते. जागा लिहिलीय एल.एस. हे काय असतं गं? लेफ्ट काहीतरी असेल ना?"

एल.एस. म्हणजे लाँग स्नॅपर. मी ओटा धरला. हेटी स्वयंपाकघराच्या मधोमध ओणवी होऊन पायांमधून माझ्याकडे बघत होती. बापाला दुसरं काही करताना तिने पाहिलेलंच नाही, म्हणून माणसांकडे बघायची रीत तीच असं ती समजते.

"हो," मी म्हटलं, "लेफ्ट काहीतरी."

"तुला सगळं माहीत असतं! आणि तू कशी आहेस? पाय सुजलेत?"

"थोडे."

"वर ठेवून बस हं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लायलला सांगितलं नाही. दोन पायांमधून चेंडू फेकणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही शिरलं की ते थेट मनगटात उतरतं. मी टोपली भरली. नेहमीसारखीच भरली, वर बाळासाठी मी स्वतः विणलेलं टोपडं ठेवलं. प्रत्येक टोपलीत ठेवते, याच टोपलीत नाही ठेवलं तर ते कसं दिसेल? हेटीला शेजारणीकडे ठेवून गाडीत बसले तेव्हा एक ठरवलं होतं: त्या बाईशी खोटं एक अक्षर बोलायचं नाही. खोट्याची गरजच नव्हती. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. माझ्याजवळ खऱ्याचा साठा भरपूर आहे.

दार उघडलं ती जेमतेम बावीसची असेल. खांद्यावर बाळ, बाळाखाली फडकं, केसांत दूध.

"अय्या, टोपली! टोपली देतात इथे? ये ना आत. मी ब्रिन. पसाऱ्याकडे बघू नकोस."

"बाळाच्या बाटलीत नळाचं पाणी नाही ना घातलंस?"

"उकळून घातलं."

"उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं राहतं. इथली पाइपं जुनी आहेत."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मी खुर्चीत बसले आणि सुरुवात केली. तळघरांमधली बुरशी. तळ्यावरून येणारा वारा, ज्यात तान्ह्या बाळाचा श्वास अडतो. रस्त्यावरचं न दिसणारं काळं बर्फ. मुलांच्या दवाखान्याकडे जाणारा एकच पूल, आणि जहाज आलं की तो वर उचलतात तो प्रकार. जिन्यांच्या कठड्यांतलं अंतर. मी तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होते. आता उतरेल, मग उतरेल. तो उजळत चालला होता.

"देवा," ती म्हणाली, "मला वाटायचं मी एकटीच वेडी आहे! माझी आई म्हणते, रात्रभर त्याच्या श्वासाला कान लावून बसत जाऊ नकोस."

"कानाने कळत नाही. पाठीवर हात ठेवायचा," मी म्हणून गेले.

"बघ! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तू जवळच राहतेस ना? आम्ही तुझ्याच गल्लीत घर मागू. जहाज कधी येतं ते कळायची काही सोय आहे का?"

"आहे," मी म्हटलं. आहे तर आहे.

इतक्या मेहनतीने भिववायला आले होते आणि तिला जन्मात पहिल्यांदा कोणी आपलं भेटलं होतं. करायचं काय ते सुचेना, म्हणून मी टोपलीची फीत सोडायला लागले. तिने माझा हात धरला. माझी उजवी करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली आहे, ती बघत राहिली. मग तिने आपला हात तिच्याशेजारी ठेवला. तिची करंगळी तशीच, जरा ताजी, अजून निळसर.

"अंगणात?" तिने विचारलं.

"अंगणात. सुट्टीतल्या सरावाला दुसरं कोण झेलणार?"

"माझा कोल्टन ओरडतो, डोळे मिटू नकोस. मी म्हटलं, अरे तू उलटा, तुझं डोकं पायांत, तुला कसं दिसलं मी डोळे मिटले ते?"

मी हसले. तीही हसली, आणि हसता हसता थांबली. या धंद्यातल्या बायका हिशेबाला पक्क्या असतात. संघात क्वार्टरबॅक तीन असतील, झेलणारे सहा असतील. लाँग स्नॅपर एकच असतो.

"म्हणजे ही टोपली..."

"मीच भरली."

"मोहरीसकट?"

"मोहरी क्लबाची. टोपडं माझं."

तिने टोपडं उचललं, माझ्या पोटाकडे बघितलं. "कधी आहे?"

"दोन आठवडे."

"आणि घर?"

"क्लबाचं."

तिने टोपडं मांडीवर ठेवलं. बाळाने उचकी दिली. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दक्षिणेकडच्या एका क्लबानेही विचारलंय. पण ते सरावाच्या तुकडीत. सामने नाहीत, पैसे अर्धे. हवा मात्र उबदार आहे."

"तिथे डास असतील," मी म्हटलं. सवय.

"जा तू आता," ती म्हणाली. रागाने नाही. "पाय वर ठेवून बस."

मंगळवारी संध्याकाळी लायल शीळ घालत घरी आला.

"एक पोरगा बोलावला होता म्हणे माझ्या जागेवर. आलाच नाही! सकाळी गाडी काढून दक्षिणेला गेला. कोच म्हणाला, लायल, तुझ्या जागेवर उभं राहायची कोणाची छाती नाही."

"ओणवं राहायची," मी म्हटलं.

"तेच ते. तू काल कोणाला टोपली द्यायला गेली होतीस ना? कोण होता?"

"लेफ्ट काहीतरी."

रात्री जेवताना त्याने दुसऱ्यांदा बटाटे घेतले. माझ्या फोनवर ब्रिनचा निरोप आला होता: *कोल्टनला पाइपांचं कारण सांगितलं. टोपडं नेतेय. मोहरी ठेवलीय.*

मुलगा त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी झाला, सामना चालू असताना. याही वेळी रक्त थांबेना. डॉक्टर स्टॅमाटिसने कोणाला काही विचारलं नाही, फक्त हात पुढे केला आणि पिशवी तिच्या हातात आली. "हे मला अपेक्षितच होतं," ती म्हणाली. आयुष्यात कोणी माझ्याशी इतकं गोड बोललेलं नाही. लायल मैदानावरून तसाच आला, गुडघ्यांना चिखल, मनगटांना पट्ट्या. चेंडू मारायची वेळ दहादा आली होती आणि दहाही त्याने सरळ फेकले होते. आम्ही हरलो होतो, सडकून. नर्सने एका दमात बाळाबद्दल आणि हरल्याबद्दल अभिनंदन केलं.

सोमवारी ग्वेनबाईंचा फोन.

"अगं किती आनंद झाला! वरच्या साहेबांनी स्वतः भेट पाठवलीय, बघ मिळाली का. आणि या आठवड्यात टोपलीची काळजी नको हं. एकटाच येतोय, ते तुझं लेफ्ट काहीतरी. पण लग्न झालेलं नाही त्याचं. बायको नाही तर टोपली नाही. तू आराम कर."

भेट आली होती. पिवळा इवलासा सदरा, पुढे मजुराचं चित्र, मागे लायलचा नंबर. मंगळवारी तो नंबर तेवीस वर्षांच्या दुसऱ्या एका पाठीवर गेला. सदरा बाळाला सैल होत होता, पण कापड चांगलं होतं. मी धुऊन घातला.

लायल दोन दिवस अंगणातल्या भिंतीवर चेंडू फेकत होता. मग खोकी भरायला लागला. हेटी पायांमधून ती खोकी मोजत होती. मी म्हटलं, एक टोपली भरायची आहे.

"त्या पोराला?" लायल म्हणाला. "अगं, तो माझ्या जागेवर आलाय."

"आणि आपल्या घरात येतोय. इथल्या नळाचं त्याला कोण सांगणार?"

"त्याला बाळ नाही."

"होईल."

लायल खोक्यांकडे वळला. मग त्याने खोक्यातून आपला सरावाचा जुना चेंडू काढला, शिवण घासून गुळगुळीत झालेला, आणि टोपलीत टोपीवर ठेवला. "नवा चेंडू थंडीत निसटतो," तो म्हणाला, "त्याला कोणी सांगितलं नसेल."

टोपली आम्ही ओट्यावर ठेवली. टोपी, मोहरी, चेंडू, आणि चिठ्ठी: सकाळी नळ सोडल्यावर पाणी बराच वेळ वाहू द्या, लग्न झाल्यावर तर नक्कीच. बर्फ खरवडायची पट्टी मात्र मी काढून घेतली. नेब्रास्कातही बर्फ पडतं.