समुद्राकडची पांढरी भिंत

मी एका जुन्या रडार केंद्राचा उरलेला भाग बोलतोय. अख्खं केंद्र म्हणवून घेतलं असतं, पण डोळेच काढून नेल्यावर मागे राहिलेल्याला काय म्हणायचं, हे मला कोणी सांगितलं नाही. एक काँक्रीटची खोली, दाराच्या जागी भगदाड आणि समोर जमिनीत रुतलेले मनगटाएवढे जाड, गंजलेले बोल्ट. त्यांच्यावर माझा मनोरा उभा होता. आता त्यांना बकऱ्या बांधतात.

माझा जन्म घाईगडबडीत झाला. युद्ध सुरू होतं. या बेटावर तोवर मासेमारी करणाऱ्यांची थोडी घरं आणि पुष्कळसा वारा एवढंच होतं. शिपायांनी होड्यांतून सिमेंट आणलं, टेकडीवर चढवलं आणि पाहता पाहता मला उभं केलं. जमीन ओली असतानाच कोणाचा तरी कुत्रा माझ्यातून चालत गेला. त्याच्या पावलांचे ठसे अजून आहेत.

मला पहिली शिकवण मिळाली ती अशी, की सगळं पाहायचं, पण स्वतः कोणाला दिसायचं नाही. म्हणून माझ्या अंगाला चिखलट हिरवा रंग फासला आणि डोक्यावर जाळं पांघरलं. मनोऱ्यावरून मी डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडायचो. त्या कशावर तरी आदळून परत यायच्या आणि खोलीतल्या गोल काचेवर ठिपका उमटायचा. काचेसमोर एक चष्मेवाला शिपाई बसायचा. ठिपका दिसला, की तो फोन उचलायचा.

आपला कोण आणि शत्रू कोण, हे मला कधीच कळलं नाही. ठिपका तो ठिपकाच.

एका सकाळी काच ठिपक्यांनी भरून गेली. चष्मेवाला घामाघूम झाला. भोंगा वाजला, बेटावरची माणसं पोराबाळांसकट खंदकात उतरली. थोड्या वेळाने डोक्यावरून पाणपक्ष्यांचा एक मोठा थवा शांतपणे निघून गेला. "एवढं मोठं यंत्र आणि साधी पाखरं ओळखता येईनात?" असं म्हणत वरचा अधिकारी माझ्यावरच डाफरला. मला वाईट वाटलं. पाखरं खरोखर होती, मी ती खरोखर पाहिली होती. मग चुकलं काय, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुढे एके दिवशी शिपाई एकमेकांच्या गळ्यात पडून हसू लागले. चष्मेवाला मात्र बाहेर पायरीवर बसून रडत होता. युद्ध संपलं होतं. आपण जिंकलो की हरलो, हे मी त्या दोघांपैकी कोणाकडे बघून ठरवणार? मनोरा उतरला, यंत्रं गेली, दारसुद्धा कोणीतरी काढून नेलं. मला "आता थांब" असं कोणी म्हणालं नाही. मी आपला पाहत राहिलो, म्हणजे डोळे नसताना जितकं पाहता येतं तितकं.

मग एक होडीवाला बादली आणि कुंचा घेऊन वर आला. आधी मला वाटलं, माझी डागडुजी होणार. त्याने फक्त समुद्राकडची भिंत चुन्याने पांढरीफटक केली आणि निघून गेला. मी लाजेने अर्धा झालो. ज्याला लपायला शिकवलं, त्याला असं चव्हाट्यावर उभं करायचं?

कारण हळूहळू कळलं. बंदरात शिरायची वाट दोन्ही बाजूंच्या खडकांमधून जाते आणि ती अगदी चिंचोळी आहे. माझी पांढरी भिंत आणि माझ्यामागच्या टेकडीवरचा काळा सुळका एका रेषेत आले, की होडीचं नाक तिथे धरायचं आणि सरळ आत यायचं. रेष सुटली, की खडक. तेव्हापासून दर वर्षी शिंपल्या भाजून चुना व्हायचा आणि माझ्यावर नवा हात फिरायचा. होडीवाला थकला तेव्हा त्याची मुलगी येऊ लागली. सगळे तिला ताई म्हणतात. तिचा धाकटा भाऊ होडी चालवतो. तो कधीच वेळेवर येत नाही, म्हणून त्याचं नाव उशिऱ्या.

गेल्या वर्षी जुन्या वास्तू सांभाळणारे एक साहेब आले. मला मूळ रूपात आणायचं, म्हणजे पाहुणे येतील, असं त्यांनी गावाला समजावलं. "कोणाची हरकत?" असंही विचारलं. बकऱ्या कुठे बांधायच्या, यावर खूप बोलणं झालं. पांढऱ्या भिंतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते साहेबांनाही ठाऊक असणारच, असं प्रत्येकाने धरलं होतं.

रंगारी आले आणि त्यांनी समुद्राकडूनच सुरुवात केली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. जुना रंग, जुना मी. दुपारपर्यंत भिंत हिरवी झाली. तेवढ्यात समुद्रावर धुकं चढलं आणि बकऱ्या सोडायला ताई वर आली.

"हे काय करून ठेवलंत?"

"मूळ रंग आहे, ताई," रंगारी म्हणाला. "युद्धात असाच होता."

"युद्धात माझा भाऊ नव्हता बाहेर. आज आहे."

साहेब पुढे आले. "त्याला वाट माहीत नाही का?"

"वाट पाठ आहे त्याला, साहेब. पण दार तर दिसायला हवं ना? या धुक्यात हिरवी भिंत म्हणजे नुसतं डोंगराचं अंग."

दुरून इंजिनाचा आवाज येऊ लागला. साहेबांचा चेहरा उतरला. "चुना आणू या."

"चुना काय खिशात ठेवते मी? तो भाजायचा, विरवायचा." ताईने कमरेची मासे कापायची सुरी काढली आणि माझ्यावर ओढली.

ओला हिरवा पापुद्रा खाली पडला. आत पांढरं होतं. तिच्या बापाच्या वेळेपासूनचे चुन्याचे थर बोटभर जाड झाले होते. त्यांवर हिरव्या रंगाने नीट पकडच घेतली नव्हती.

"दादा, बघताय काय? पत्र्याचे तुकडे घ्या आणि खरवडा," ती रंगाऱ्यांना म्हणाली. "आणि साहेब, तुम्ही उंच आहात, वरचं घ्या."

साहेबांनी कोट काढला. खरवडाखरवडी सुरू झाली. मला दुखत होतं आणि हवंही होतं. दिसू नकोस, ही माझी पहिली शिकवण. त्या क्षणी मात्र मला दिसायचं होतं, आणि त्यात मी कोणाशी बेइमानी करत होतो, कोण जाणे.

दाराएवढी जागा पांढरी झाली तेव्हा आवाज खडकांपाशी आला, अडखळला, बंद पडला. ताईची सुरी हवेतच थांबली. मग इंजिन पुन्हा सुरू झालं आणि होडी आत आली.

उशिऱ्या वर आला तो चिडूनच. "ताई, भिंत एवढीशी कशी झाली? मला वाटलं अजून लांब आहे. समोर खडक आला तेव्हा कळलं. जोरात असतो तर गेलोच होतो."

ताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ त्याची बाही सोडली नाही.

आता माझ्या तीन भिंती हिरव्या आहेत आणि समुद्राकडची पांढरी. पुन्हा पूर्ण पांढरी. ताईने चुना केला तेव्हा साहेबांनी बादली धरली होती. बाहेरच्या पाटीवर मी युद्धाचा साक्षीदार आहे असं लिहिलंय. होडीवाले मला नुसतं "पांढरी" म्हणतात. दोन्ही खरं कसं असेल, याचा मी विचार करतो आणि गोंधळतो.

तुम्ही जरूर या. आत बसा, कुत्र्याची पावलं बघा, फोटो काढा. फक्त समुद्राकडच्या भिंतीसमोर घोळक्याने फार वेळ उभे राहू नका. खालून कोणीतरी घरी येत असतं.