धूळ न बसलेलं ठिगळ

बोगद्याच्या छताला टांगलेली ती लांबलचक नळी दिसते ना, तीच मी बोलतेय. आले तेव्हा पिवळीधमक होते. आता खाणीच्या धुळीने काळीठिक्कर पडलेय. माझ्या तोंडाशी पंखा, शेपटाशी माणसं. पंख्याची हवा त्यांच्यापर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम.

मी कापडाची. गाड्या घासून गेल्या की फाटते. मला शिवायचा तो थोरला. दाभण ओवता ओवता म्हणायचा, "काय बाई, पुन्हा फाटलीस? तुझ्यापेक्षा माझी पोरगी कपडे जपते!"

मग वरून हुकूम आला, हवेवरचा खर्च कमी करा. मुकादमाने पंखा हळू केला.

"आधी हिची भोकं बुजवू द्या," थोरला म्हणाला. "हवा वाटेतच गळतेय."

"कापड आलं की बुजव. तोवर कमी बोल, हवा कमी लागेल."

कापड आलंच नाही. माझं शेपूट लुळं पडलं. तिथे खणताना थोरला जरा टेकला, तो उठलाच नाही.

त्याला वर नेल्यावर मुकादम एकटाच परत आला. काखेत कापड. आता कुठून आलं? माझं एकेक भोक त्याने बुजवलं, पंखा पुन्हा जोरात केला. तेव्हापासून त्याची पावलं वाजली तरी माझं कापड आक्रसतं.

आज थोरल्याचा धाकटा भाऊ त्याचं सामान न्यायला उतरला. मुकादम सावलीसारखा मागे.

"तुझा भाऊ कामावर झोपला रे. दुसरं काही नाही."

"दादा? वहिनी म्हणते, तो घरीसुद्धा धड झोपायचा नाही. हवा होती का इथे?"

"बघ की. नळीला कुठे भोक दिसतंय?"

धाकट्याने हात वर करून माझ्यावरून फिरवला. तळवा काळा झाला. मग दुसरा हात ठिगळावर ठेवला. तो कोराच राहिला.

"हे कधी शिवलं?"

"जुनंच आहे ते."

"जुनं? मग याच्यावर धूळ का नाही?"

मुकादम गप्प. धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने ठिगळात बोटं खुपसली, ओरबाडायला लागला.

नको रे, फाडू नकोस! तुझा दादा झोपला नव्हता, हे सांगायला माझ्याकडे एवढंच स्वच्छ कापड आहे. वर जा, तपासणाऱ्यांना हाताला धरून घेऊन ये. पण लवकर ये. इथे धूळ रोज बसते, आणि हा मुकादम तिचीच वाट बघतोय.