ढिला सांधा

शालूबाईनं लाकडी कोडं उचललं आणि फेकलं नवऱ्याच्या अंगावर. फेकलं आपलं म्हणायचं. हातात जोरच नव्हता, ते पुढ्यातच पडलं, आणि तिला आणखी संताप आला.

“माझी बोटंच गेली, का तुमच्या काड्या आवळल्यात? एकदा खरं सांगून टाका की!”

“काड्याच आवळल्यात गं. चार दिस उघडीप न्हाय, लाकूड फुगलंय,” आकाराम सुतार म्हणाला.

खोटं बोलला. मुरलेला साग असा कुठं फुगतो? सुताराच्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. पण तिला दुसरं ऐकायचंच नव्हतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून त्याला एकट्याला सांगितलं होतं. हाताच्या शिरा वाळत चालल्यात, गेलेला जोर परत यायचा नाही, फक्त बोटं चालती ठेवा. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या पोरीच्या टेबलावर हे कोडं होतं. सहा काड्या खाचांनी एकमेकींत अडकवलेल्या, ना खिळा ना डिंक. नेमकी एक काडी ओढली की बाकीच्या सुटायच्या. आकारामनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि घरी येऊन पडवीत तसंच सागाचं केलं. तसंच कुठलं, त्याहून घट्ट. त्याच्या सांध्यात केस शिरत नाही असं पार राधानगरीपर्यंत लोक म्हणायचे. ढिलं काम त्याच्या हातून कधी झालंच नव्हतं.

सुरुवातीला ती काडी ओढायची. मग ओढता येईना.

दुसऱ्या दिवशी शालूबाई परड्यात म्हशीपाशी बसलेली बघून त्यानं कानस घेतली. खाचेवर टेकवली, पण हात पुढं सरकेना. आपणच नेटकं केलेलं आपणच नासवायचं, जिवावर आलं त्याच्या. शेवटी दात आवळून घासलं.

संध्याकाळी काडी सुटली तशी बाईला आभाळ ठेंगणं झालं.

“अवो, बघा! बोटं याय लागली की माझी!”

त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढं असंच चाललं. तिचा हात उतरायचा, हा गुपचूप खाच घासायचा, आणि ती शेजारणींना बोलावून दाखवायची. हात जात होता आणि बाई हरखत होती. एवढं वाईट काम आकारामनं आयुष्यात केलं नव्हतं, आणि एवढं जीव लावूनही.

अशात हंबीरराव आला. देवळाच्या कमिटीचा तो प्रमुख. गावदेवीची जुनी पालखी आकारामच्या बापानं घडवलेली, ती आता खिळखिळी झाली होती. नवी आपल्या हातची व्हावी म्हणून आकारामनं किती वर्षं माळ्यावर सागाच्या फळ्या राखून ठेवल्या होत्या. हंबीरराव तेच ठरवायला आला होता. बोलणं निम्मं झालंही, एवढ्यात शालूबाईनं कोडं त्याच्यापुढं सरकवलं.

“भावजी, आधी ह्ये बघा. ह्यांनी केलंय. आन् म्या सोडवतोय न्हवं आता!”

हंबीररावनं ते उचललं मात्र, साही काड्या खळाखळा जमिनीवर पडल्या.

त्यानं एक काडी उचलून तिच्या खाचेत बोट फिरवलं.

“आकारामदा, ह्ये तुमी केलंय?”

आकारामनं बायकोकडं बघितलं. ती हसत होती. खरं सांगितलं असतं तर पालखी त्याचीच होती.

“व्हय. म्याच केलंय.”

“लईच ढिलं हाय की ओ. पालखी खांद्यावरनं मिरवायची असती…”

“हात थरथरतोय आताशा. दुसरा कोणतरी बघा तुमी.”

हंबीरराव माणूस वाईट नव्हता. “कमिटीत बोलतो,” म्हणून त्यानं चहा संपवला आणि खाली मान घालून गेला.

शालूबाईचं हसू गेलं. ती बसल्या बसल्याच नवऱ्याजवळ सरकली आणि त्याचा हात धरायला बघू लागली.

“असं मनाला लावून घिऊ नगासा. तुमचा हात गेला तर जाऊ दे. माझा येतोय न्हवं आता? म्या हाय की तुमास्नी.”

तिची बोटं त्याच्या हातावर नुसतीच टेकून राहिली, मिटेनात. मग त्यानंच तिचा हात मुठीत घेतला.

“व्हय,” तो म्हणाला, “तू हाईस की.”