उखर्डूच्या वह्या

जामनेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारी दोन ते तीन ही वेळ मेलेली असायची. बाजार समितीतले लिलाव उरकलेले, व्यापारी जेवून आडवे झालेले. फोन आला की बोर्डावर छोटा पत्र्याचा पडदा खाली पडे, तसा एकही पडत नसे. त्या तासात भिकुबाई पाटील कानाला हेडफोन लावून जळगावला प्लग टाकायची, जळगावची तानुअक्का पुढे भुसावळ आणि धुळं जोडून द्यायची, आणि चौघा ऑपरेटरांचा खेळ सुरू व्हायचा.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. आवाजावरून ओळख, आवाजावरूनच मैत्री. भुसावळचा अभिमन तोंडानं गाण्याच्या सुरुवातीचं संगीत वाजवायचा आणि बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. तानुअक्का रविवारी टीव्हीवर लागलेल्या पिक्चरमधले संवाद टाकायची. धुळ्याचा लीलाधर सगळ्यांत हुशार. पिक्चरचं साल, गीतकार, नाचाचा मास्तर, सगळं त्याच्या जिभेवर. खूश झाला की शुद्ध बोलणं सोडून अहिराणीत म्हणायचा, "बठ्ठं माले पाठ शे!"

त्याला हरवणारी एकच होती, भिकुबाई. त्याला कारणही होतं. तिचे वडील उखर्डू आबा तंबू टॉकीजवर मशीन चालवायचे. यात्रेयात्रेतून फिरायचे आणि लहानगी भिकू पडद्याच्या मागच्या बाजूला गोणपाटावर बसून पिक्चर पाहायची. तिथून नावं उलटी दिसत. ती उलटी नावं वाचतच ती वाचायला शिकली. आबा मात्र मशीनजवळ उभे राहून प्रत्येक पिक्चरची नावं वहीत उतरवून घ्यायचे. गायक, गीतकार, छायाचित्रकार, मागे नाचणाऱ्या मुलीसुद्धा, आणि त्या खेळाला काही घडलं असेल तर तेही. अशा तीन वह्या. आबा गेले तेव्हा दोन्ही भावांनी शेत वाटून घेतलं आणि भिकूनं वह्या मागून घेतल्या. कुणाचीच हरकत नव्हती.

"ताई, एकदा त्या वह्या पाहायला मिळाल्या तर जन्माचं सार्थक होईल," लीलाधर लाईनवर म्हणाला होता. "महिनाभरात परत करतो. शब्द." भिकुबाईनं वह्या जुन्या पातळात गुंडाळल्या आणि धुळ्याला जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिल्या.

महिना गेला, सहा महिने गेले. मग एका दुपारी अभिमननं भुसावळहून विचारलं, "ताई, स्टेशनवरच्या स्टॉलवर लीलाधरभाऊंचं पुस्तक आलंय. तुम्ही पाहिलं का? 'पडद्यावरची नावं, भाग पहिला.' त्यात लिहिलंय, हा चित्रपट मी पाहत असताना पहूरच्या यात्रेत रीळ तुटलं आणि लोकांनी खुर्च्या फेकल्या. आमचे लीलाधरभाऊ पहूरला कधी आले होते हो?"

भिकुबाईच्या हातातला प्लग तसाच राहिला. ते वाक्य आबांचं होतं. खुर्ची आबांच्याच कपाळाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमक्ष लाईनवर विचारलं. लीलाधर आधी हसला. मग म्हणाला, वह्या घर बदलताना कुठं गेल्या कळत नाही. आणि शेवटी आवाज चढवून म्हणाला, "पडद्यावर छापलेली नावं, ताई. त्याच्यावर काय तुमच्या बापाचा सातबारा आहे?"

तानुअक्का म्हणाली, "जाऊ दे गं भिकू. पुस्तकात काय ठेवलंय." भिकुबाईनं प्लग ओढला. त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी गेला.

तीन महिने ती खेळात आली नाही. पहूरहून सकाळच्या एसटीनं यायची, काम करायची, जायची. पण घरी पत्र्याच्या पेटीत आबांची चौथी वही होती, कोरी. आबांनी विकत घेऊन ठेवलेली आणि लिहायची राहिलेली. तिनं ती काढली. आबा 'ट'चं शेपूट लांब ओढायचे, ओळ संपली की दोन टिंबं द्यायचे. दर रविवारी दाराशी बसून ती तसं लिहीत गेली. चाळीस पिक्चर खरे, तिला तोंडपाठ असलेले. आणि मधेमधे नऊ पिक्चर जे कधी निघालेच नव्हते. त्यातला एक 'चाँदनी की चौकी'. संगीतकाराचं नाव घालायची वेळ आली तेव्हा समोरचा पंक्चरवाला जीवराम रुपचंद बादलीत सायकलची ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. तिनं लिहून टाकलं, संगीत : जीवराम रुपचंद. मनातल्या मनात कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं हे तिला कळत होतं. पानं चहाच्या पाण्यानं पुसून तिनं वही उन्हात वाळत घातली.

मग ती खेळात परतली. आवाजात मध घालून म्हणाली, "भाऊ, मी तेव्हा उगाच बोलले. आबांची आणखी एक वही सापडली. आमच्याकडे उंदीरच खाणार. तुम्हीच छापा. फक्त आभारात आबांचं नाव टाका."

"टाकणारच! पहिल्या पानावर टाकतो," लीलाधर म्हणाला. त्याचा आवाज इतका हावरा झाला होता की भिकुबाईला वाटलं, हा आत्ताच तारेतून हात घालील.

वही गेली. आपण काय केलंय ते तिनं फक्त अभिमनला सांगितलं. तो घाबरला. "ताई, माणूस बदनाम होईल."

"आभारात आबांचं नाव असलं तर मी गुपचूप त्याला सांगेन, भाऊ या नऊ नोंदी खोडा. आणि नसलं, तर मी काय करायचं ते मला ठरवू द्या."

दिवाळीनंतर भाग दुसरा आला. अभिमननं भुसावळहून प्रत पाठवली. भिकुबाईनं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, मग सगळी पानं एकेक करून पाहिली. आभार मानले होते छापखान्याचे, पत्नीचे आणि एका साखर कारखान्याच्या चेअरमनचे. उखर्डू हे नाव कुठंच नव्हतं. 'चाँदनी की चौकी' मात्र पूर्ण पानभर होता.

जळगावात एका रसिक मंडळानं प्रकाशन ठेवलं. सोबत कार्यक्रम होता, श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे, लीलाधरनं उत्तरं द्यायची. रविवार, सकाळी दहा. भिकुबाई जीवरामला घेऊन पहूरहून निघाली. तो विचारत होता, "अक्का, मले काय बोलायचं?" ती म्हणाली, "तुझं नाव सांग. काम सांग. बस."

हॉल भरला होता. भिकुबाईनं लीलाधरला पहिल्यांदाच पाहिलं. गोरा, ठेंगणा, रेशमी झब्बा. आवाज तोच. तो एकामागून एक उत्तरं देत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. यातली निम्मी उत्तरं आबांच्या अक्षरातली होती. प्रत्येक टाळी तिला गालावर बसल्यासारखी लागत होती.

ती उभी राहिली. आवाज बदलायची गरज नव्हती. हॉलमध्ये तो वेगळाच वाटत होता. "'चाँदनी की चौकी'बद्दल सांगा ना. आमच्या घरात त्याची फार आठवण निघते."

लीलाधरचा चेहरा खुलला. "वा! जाणकार दिसता. तो मी अमळनेरला पाहिला, वय वर्षं नऊ. काय संगीत! जीवराम रुपचंद. पुढं मी त्यांना मुंबईत भेटलो. म्हातारे झाले होते, पण पेटीवर बोटं ठेवली की काय सांगू तुम्हाला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, बेटा लीलाधर..."

"कोणता हात?" भिकुबाईनं विचारलं.

"अं? उजवा."

"जीवराम, ऊठ."

जीवराम उठला. टोपी काढली, पुन्हा घातली. "मी जीवराम रुपचंद. पहूरले सायकलचे पंक्चर काढतो भाऊ. पेटीले आजवर हात नाय लावला. तुम्हाले मी आजच पाहून राहिलो."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग हसू पुढं पुढं येत गेलं. भिकुबाई थांबली नाही. तिनं उरलेल्या आठ पिक्चरची नावं पान नंबरासकट वाचली. "हे सगळे मी माझ्या दाराशी बसून लिहिले. बाकीचे उखर्डू देवचंद पाटलांनी लिहिले, तंबू टॉकीजच्या मशीनजवळ उभं राहून. याच माणसाचा सातबारा आहे का म्हणून तुम्ही विचारलं होतं, भाऊ. मी जामनेर बोलतेय."

लीलाधरनं माइकला हात लावला आणि तो बाजूला सारला. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिनं पदर ओढून मान खाली घातली. भिकुबाईला ते दिसलं. पण तिनं नजर वळवली नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी टेबलावरचे पुस्तकांचे गठ्ठे स्वतःच उचलून खाली ठेवले.

आठवड्याभरात एसटीच्या पार्सलनं तीन वह्या आल्या. हरवल्या नव्हत्या. पण छापखान्यात द्यायला म्हणून पानंच्या पानं कात्रीनं कापलेली. एका वहीत तर नुसती दोऱ्याची शिवण उरली होती.

मग एका दुपारी बोर्डावर जळगावचा पडदा पडला. तानुअक्का म्हणाली, "धुळं आहे. तुझ्याशीच बोलायचं म्हणतो. रडतोय गं. बदली मागितलीय त्यानं, लोक त्याला रस्त्यात पंक्चर म्हणून हाका मारतात. घे."

"ताई," लीलाधरचा आवाज आला, "माझं चुकलं. पोरांना शाळेत चिडवतात. तुम्ही एकदा चौघांसमोर म्हणा, माफ केलं."

अभिमनही लाईनवर होता. हळूच म्हणाला, "ताई, आता सोडा."

भिकुबाईनं मांडीवरची वही उघडली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "भाऊ, दुसऱ्या वहीतलं अकरावं पान, तुम्ही कापलेलं. त्यावर काय होतं ते सांगा. सांगितलंत तर माफ."

लीलाधरनं पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज तारेतून आला.

"नाही आठवत, ताई."

"मलाही नाही आठवत," भिकुबाई म्हणाली, आणि तिनं प्लग ओढला.

मग डबा उघडला. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. कितीतरी महिन्यांनी तिनं सगळा डबा संपवला.